गाणारीला लिहिणारं कुणी हवं

पत्र

ताई, मी मूळची मिरजेची, वय ३१. शास्त्रीय गाणं विशारदपर्यंत शिकले, जर्मन पुण्यात सी-वन या वरच्या पातळीपर्यंत. अडीच वर्षांपासून बर्लिनमध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते, ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर. इथे आल्यावर १९२०च्या दशकातल्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळातल्या कॅबरेच्या, लहान स्टेजवरून चिमटे काढणाऱ्या गाण्यांनी मला झपाटलं. हॉलेंडर, स्पोलियान्स्की, कुर्ट वाइल हे त्यांचे संगीतकार. नॉयकोल्नमधल्या एका लहानशा बारमध्ये महिन्यातून दोन गुरुवारी मी ती गाते. पियानोवर एक मित्र असतो, शेवटी पैशांसाठी टोपी फिरवतात. मी काळी बोलर हॅट, पिसांचा बोआ, गडद लिपस्टिक असा सगळा थाट करते आणि आवाज जरा खालच्या पट्टीत, घोगरा लावते. लोकांना आवडतं. मात्र मध्यंतरी सत्तरीच्या एक आजी जवळ येऊन म्हणाल्या, "आवाज गोड आहे, पण मला शब्द एकही कळला नाही." कार्यक्रम ठरवणारे एक गृहस्थ म्हणतात, साडी नेस, बॉलिवूडचा तडका दे, मोठं स्टेज मिळवून देतो. बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक, गावाकडच्या दिवाळी अंकांत वात्रटिका लिहितात. त्यांचं म्हणणं, "हे गाणं तुझं नाही. लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस?" नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं का? मला ही गाणी गायचा हक्क आहे का? आणि साडीचं काय करू?
— ऋचा (नाव बदललं आहे), बर्लिन

उत्तर

प्रिय ऋचा,

आधी त्या आजींबद्दल. त्यांचं बोलणं तू एका ओळीत उरकलंस आणि साडीवाल्या गृहस्थांवर पानभर लिहिलंस. (छापताना ते पान मी गाळलं आहे, रागावू नकोस.) टाळ्या वाजवणारे बारमध्ये रोज मिळतात. जागेवरून उठून, चार टेबलं ओलांडून "मला शब्द कळला नाही" असं तोंडावर सांगणारी बाई क्वचित मिळते. पुन्हा आल्या तर त्यांना पुढच्या टेबलावर बसव आणि त्यांच्याकडे बघून गा.

खयाल गाताना बंदिशीचे शब्द अर्धेमुर्धे ऐकू आले तरी ऐकणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. तुझा गळा त्या वळणात तयार झाला आहे: स्वर लागला की त्यावर थांबायचं, आकार मोकळा सोडायचा, पुढच्या स्वरावर मींडेनं जायचं. जर्मनला हे मानवत नाही. त्या भाषेत वाक्याचा अर्थ बऱ्याचदा शेवटी येणाऱ्या क्रियापदाशी पोचेपर्यंत अडून राहतो, आणि ते क्रियापद कुणाचं, कुठल्या काळाचं, हे त्याच्याही शेपटीतली व्यंजनं सांगतात. तू स्वर सुरेख लांबवलास आणि ती व्यंजनं गिळलीस की विनोद गेला. हॉलेंडर किंवा स्पोलियान्स्कीच्या गाण्यात खोच कडव्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत असते. म्हणजे तू नेमकी तीच ओतून देतेस.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. महिनाभर चाल बाजूला ठेव. गाण्याचे शब्द नुसते बोल, मोठ्यानं, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगितल्यासारखे. मग पियानोवर चाल वाजू दे आणि तू बोलतच राहा. कधी चालीच्या पुढे, कधी मागे. त्यातला एखादाच शब्द गा. हळूहळू कुठला शब्द गायचा आणि कुठला बोलायचा, हे गाणंच सांगायला लागतं. त्या काळच्या बहुतेक गायिका निम्मं बोलत आणि निम्मं गात.

तुझ्या तालमीतलं एक मात्र इथे थेट उपयोगी पडेल, आणि त्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. ठुमरीतला बोलबनाव. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर खेपेला तिचा भाव बदलायचा. या गाण्यांची बांधणी अगदी अशीच आहे: धृपद तेच, पण प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ सरकलेला. नाटककार-कवी ब्रेख्त आणि वाइल यांच्या समुद्री चाच्यांच्या जेनीचं गाणं घे. आठ शिडांचं आणि पन्नास तोफांचं जहाज बंदराला लागेल, हे मोलकरीण पहिल्यांदा सांगते तेव्हा ते दिवास्वप्न वाटतं. शेवटी तेच जहाज तिला घेऊन दिसेनासं होतं तेव्हा ऐकणाऱ्याच्या पाठीतून शिरशिरी जाते. स्वर फार बदलत नाहीत, बदलतो तो रोख. मिरजेत शिकलेल्या मुलीला हे कुणी वेगळं शिकवायला नको.

आता तो घोगरा आवाज. तो तू कुठून घेतलास याचा मला अंदाज आहे. गायिका लोटे लेन्या (वाइलची बायको) हिच्या १९५०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका जगभर ऐकल्या जातात, आणि त्यांत तिचा आवाज खाली उतरलेला, खरखरीत आहे. तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे होती, आणि गाणीही खालच्या पट्टीत आणलेली होती. पण १९३०च्या आसपासची लेन्या ऐक. आवाज उंच, पातळ, जवळजवळ पोरीसारखा. त्या कोवळ्या आवाजात ती खुनाच्या गोष्टी सांगते म्हणून तर अंगावर येतात. धुरकट, थकलेला आवाज म्हणजे वायमार, ही समजूत नंतरची. जुन्या तबकड्यांमधला नाकातला स्वरही थोडा गाणाऱ्यांचा आणि थोडा त्या काळच्या यंत्रांचा आहे. यंत्राची नक्कल करण्यात काय हशील? तुझा आवाज गोड आणि वरच्या पट्टीतला असेल तर तसाच लाव. गोड आवाजातून विखारी शब्द आले तर दुप्पट लागतात.

बोलर हॅटचंही तसंच. डोळ्यांसमोर जे चित्र येतं, काळे मोजे, उलटी खुर्ची, बोलर हॅट, ते १९७२च्या 'कॅबरे' या अमेरिकी चित्रपटाचं आहे, आणि तो ज्या संगीतिकेवर आहे ती १९६६ सालची, न्यू यॉर्कची. गंमत म्हणजे त्या मूळ संगीतिकेत स्वतः लेन्याच घरमालकिणीच्या भूमिकेत होती. हॅट वाईट आहे असं नाही. ख्रिसमसच्या आधी कंपन्यांच्या पार्ट्या असतात, 'विशीच्या दशका'च्या थीमच्या रात्री असतात, तिथे लोकांना पिसं आणि हॅट हवीच असते आणि ते बारच्या टोपीपेक्षा बरे पैसे देतात. त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचा एक संच तयार ठेव, पूर्ण थाटात जा, ठणकावून मानधन घे. फक्त त्या संचाला आपली कारकीर्द समजू नकोस. बर्लिनमध्ये हॅट घालून ही गाणी गाणाऱ्या तुझ्याआधी कितीतरी जणी होऊन गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी जर्मन बोलतच लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

मग तुझं वेगळं काय?

त्या काळातल्या बायकांकडे जरा नीट बघ. आपण गायिकांची नावं लक्षात ठेवतो आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस विसरतो. हॉलेंडर आपल्या बायकोसाठी, ब्लांडिने एबिंगरसाठी, गरीब पोरीची गाणी लिहीत होता. तिची चण, तिचा बारीक आवाज, तिची खट्याळ उदासी मापाला धरून. मार्गो लियों उंच, शिडशिडीत आणि कमालीची विक्षिप्त. तिच्यासाठी तिचा नवरा मार्सेलुस शिफर शब्द लिहायचा आणि स्पोलियान्स्की चाली द्यायचा. १९२८ साली या दोघांनी एका डिपार्टमेंटल स्टोअरवर अख्खा रेव्ह्यू, म्हणजे गाणी-प्रहसनांचा कार्यक्रम रचला, त्यात चोरीची चटक लागलेल्या श्रीमंत बायकांवर गाणं होतं, आणि दोन मैत्रिणींच्या एका गाण्यात लियोंबरोबर मार्लेने डिट्रिश नावाची, तोवर फारशी न गाजलेली नटी होती. गायिका ट्रूडे हेस्टरबेर्गनं १९२१मध्ये थिएटर देस वेस्टेन्सच्या तळघरात स्वतःचं कॅबरे काढलं तेव्हा वाल्टर मेहरिंगसारखा कवी तिनं हाताशी धरला. तिनंच ब्रेख्त नावाच्या पंचविशीही न गाठलेल्या कवीला गिटार घेऊन स्टेजवर उभं केलं. त्यानं मेलेल्या सैनिकाला उकरून पुन्हा लढाईवर धाडल्याचं गाणं म्हटलं, इतका दंगा झाला की पडदा पाडावा लागला, आणि मग मेहरिंगनं पुढे येऊन प्रेक्षकांनाच सुनावलं.

म्हणजे ही गाणी गायिकेच्या मापानं शिवलेली होती, आणि कालपरवाच्या घडामोडींवर होती. १९१८च्या क्रांतीनंतर सेन्सॉरशिप उठली. पाच वर्षांत महागाई अशी झाली की १९२३च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख कोटींहून जास्त मार्क पडत. त्या शहरात रात्री आठ वाजता गायलेलं गाणं सकाळच्या पेपरवरचं उत्तर असायचं. तू ती गाणी शंभर वर्षांनी गातेस तेव्हा चाल उरते, खोच उरत नाही, कारण ज्याला ती टोचायची तो माणूस आता बारमध्ये बसलेला नसतो. तुझ्या पत्रातली अस्वस्थता मला वाटतं तिथली आहे. तू तिला 'हक्क' म्हणतेस. मला तो रिकाम्या जागेचा प्रश्न वाटतो: तुझ्यासाठी कुणी लिहिलेलं नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. गायक माक्स राबेनं १९८६मध्ये बर्लिनला शिकत असतानाच जुन्या नृत्यसंगीताचा वाद्यवृंद काढला. केस चापून बसवलेले, टेलकोट, जुन्या स्वरलिपी, सगळं काटेकोर. पण तो घराघरांत पोचला १९९२मध्ये, 'मला एक कुत्रंही फोन करत नाही' अशा अर्थाच्या गाण्यानं (जर्मनमध्ये कुत्र्याच्या जागी डुक्कर आहे). ते गाणं जुनं नव्हतंच, त्यानं स्वतः जुन्या ढंगात नवं लिहिलं होतं. गायिका ऊटे लेम्परचं उदाहरण निराळं आहे. तिनं वाइल आणि बर्लिनची कॅबरे-गाणी जगभर नेली, तीही जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गाऊन. पण त्याच्या आजूबाजूला व्हिएन्ना, पॅरिस, लंडनच्या संगीतिकांमधल्या मोठ्या भूमिका होत्या. नाव आणि पैसा तिथूनही आला. नुसती जुनी गाणी गाऊन, दुसरा आधार नसताना, घर चालवणारे फारच थोडे. तुझ्याकडे संगीतिकांचं, नृत्याचं शिक्षण नाही, तेव्हा लेम्परची वाट तुझी नाही. राबेची थोडीफार होऊ शकेल.

आपल्याकडेही एकदा हे घडलं आहे, तुझे बाबा नक्की सांगतील. लंडनच्या १७२८च्या भिकाऱ्यांच्या संगीतिकेवरून ब्रेख्त-वाइलनी १९२८मध्ये बर्लिनला त्यांची तीन पैशांची संगीतिका केली, आणि पन्नास वर्षांनी पुलंनी त्यावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. जब्बार पटेलांनी तो बसवला. पुलंनी वाइलच्या चालींवर मराठी शब्द ठोकून बसवले असते तर ते फार तर जर्मन भाषेच्या विद्यार्थ्यांना कौतुकाचं वाटलं असतं. त्यांनी तमाशाचा बाज घेतला, त्यात नंदू भेंडेंचा रॉकचा गळा चालून गेला, आणि शब्द इथल्या पोलिसांवर, इथल्या पुढाऱ्यांवर आले.

आता साडी. साडी नेसायला माझी काहीच हरकत नाही, त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून नेसायला आहे. त्यांना तू नको आहेस, भारत हवा आहे, आणि तोही टिनपाट. बर्लिनची ही खोड जुनी. १९२६च्या सुरुवातीला जोसेफिन बेकर कुर्फ्युर्स्टेनडामवर नाचली तेव्हा सेंट लुइसच्या त्या हजरजबाबी कृष्णवर्णीय अमेरिकन मुलीत शहराला 'आदिम जंगल' बघायचं होतं. मात्र या गृहस्थांवर चिडून वेळ घालवू नकोस, तो आयता विषय आहे. एक एजंट भारतीय गायिकेला समजावतोय की आणखी थोडी भारतीय हो. पहिल्या कडव्यात साडी. दुसऱ्यात टिकली आणि सतार. तिसऱ्यात हत्ती. धृपद एवढंच: अजून थोडंसं. शेवटच्या कडव्यात ती मानधनाचा आकडा सांगते, एजंट कमी करायला बघतो, आणि धृपद आता तिच्या तोंडी येतं: अजून थोडंसं. हे गाणं तू साडी नेसून गा. फुकट देते तुला कल्पना.

विषयांना तर तोटाच नाही तुला. परदेशी लोकांच्या कचेरीतली अपॉइंटमेंट मिळवणं, खोली भाड्यानं घेताना होणाऱ्या मुलाखती, "नाही, पण तू मूळची कुठली?" हा प्रश्न, रविवारी बाटल्या काचकचऱ्याच्या पेटीत टाकल्या म्हणून ओरडणारे शेजारी. दोन गाण्यांच्या मध्ये बोलायलाही शीक. जर्मन कॅबरेत निवेदकाचं स्थान गाणाऱ्याइतकंच मोठं असायचं. वेर्नर फिंकबद्दल सांगतात की नाझी राजवटीतही तो स्टेजवरून कोपऱ्यात लिहून घेणाऱ्या हेराला विचारायचा, "फार भरभर बोलतोय का मी? येताय ना माझ्याबरोबर? की मीच येऊ तुमच्याबरोबर?" १९३५मध्ये त्याचं कॅबरे बंद केलं आणि त्याला छळछावणीत टाकलं.

यावरून हक्काच्या प्रश्नाकडे येते. 'बर्लिनचं गाणं' ज्यांनी घडवलं त्यांतले बर्लिनचे किती? हॉलेंडरचा जन्म लंडनचा. स्पोलियान्स्की बियालिस्टोकचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला. लेन्या व्हिएन्नाची. मार्गो लियों इस्तंबूलमध्ये जन्मलेली फ्रेंच. आणि अस्सल बर्लिनी बोलीची राणी, गायिका क्लेअर वाल्डॉफ गेल्सेनकिर्शेनची, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या मुलखातून आलेली. ती बोली तिनं येऊन कमावली. मिरजेच्या मुलीला या यादीत दाटीवाटीनं का होईना, जागा आहे. उच्चारात मराठी वळण थोडं राहिलं तर राहू दे, फक्त व्यंजनं गिळू नकोस.

हक्क आहे म्हटल्यावर थोडी जबाबदारी येते. यांतले खूप जण ज्यू होते. हॉलेंडर, वाइल, स्पोलियान्स्की १९३३मध्ये देश सोडून गेले म्हणून वाचले. तीन पैशांच्या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगात चाकूवाल्या मॅकचं गाणं म्हणणारा कुर्ट गेरॉन आउशविट्सच्या छळछावणीत मारला गेला. गाणी लिहिणारा विली रोझेनही तिथेच. विनोदी नट पाउल मॉर्गन बुखेनवाल्डच्या छावणीत मेला. दर गुरुवारी हे सांगून लोकांचा विरस करावा असं माझं म्हणणं नाही. पण जे गाणं गातेस ते कुणी लिहिलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे तुला ठाऊक असलंच पाहिजे. बर्लिनमध्ये कुणीतरी विचारतंच. आणि हॉलेंडरचं १९३१चं 'सगळ्याला ज्यूच जबाबदार' अशा अर्थाचं उपहासगीत, 'कार्मेन' या ऑपेरातल्या हाबानेरा गाण्याच्या चालीवरचं, ते प्रस्तावनेशिवाय कधीही गाऊ नकोस. दारूच्या अर्धवट नशेत असलेल्या लोकांना उपहास कळेलच असं नाही.

आता कायद्याचं थोडं, कारण या सदरात ते कुणी विचारत नाही आणि नंतर सगळे रडतात. कॉपीराइट लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, आणि शब्द-चाल एकमेकांसाठी लिहिली असतील तर दोघांपैकी जो मागून गेला त्याच्यापासून मोजतात. वाइल १९५०मध्ये गेला, पण ब्रेख्त १९५६मध्ये, म्हणून त्यांची गाणी २०२६ संपेपर्यंत बंधनात. हॉलेंडर १९७६मध्ये गेला, म्हणजे २०४६पर्यंत. स्पोलियान्स्की २०५५पर्यंत. बारमध्ये मूळ गाणं गायचं तर चिंता नाही, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या गेमा या संस्थेचे पैसे कार्यक्रम भरवणारा देतो, तू फक्त गाण्यांची यादी भरून द्यायची. पण शब्द बदलले, मराठीत आणले, की प्रकाशकाची परवानगी लागते. गाणी एका कथेत ओवून, पात्रं आणि वेशभूषा करून सादर केलीस तर गेमाचं काम संपतं आणि थेट प्रकाशकाशी बोलावं लागतं. वाइलच्या गाण्यांचे हक्क सांभाळणारी मंडळी यात फार कडक आहेत.

म्हणून नवं करायला मोकळी शेतं धर. त्या काळचे कवी बघ: टुखोल्स्की १९३५मध्ये गेला, रिंगेलनाट्झ आणि म्यूझाम १९३४मध्ये, क्लाबुंड १९२८मध्ये, म्हणजे त्यांचे हक्क संपलेत. वेल्टब्यूनेसारख्या साप्ताहिकांत कविता म्हणून छापलेलं त्यांचं लिखाण घे, नवी चाल लाव, मराठीत आण, काय वाटेल ते कर. टुखोल्स्कीची जीभ तर आजच्या वर्तमानपत्रावरही चालते. जुन्या संहिता, कार्यक्रमपत्रिका बघायच्या असतील तर माइन्झला जर्मन कॅबरेचं अभिलेखागार आहे, १९६१पासूनचं. दोन दिवस रजा काढून जाऊन ये.

नोकरी. आज सोडू नकोस. तू ब्लू कार्डावर आहेस, त्यावर स्वतंत्र व्यवसायाची मोकळीक आपोआप नसते, आणि टोपीतले पैसे हेही उत्पन्नच. परवान्यावर काय लिहिलंय ते आजच वाच आणि गरज असेल तर परवानगी माग. पण तुझी खरी चावी दुसरीकडे आहे. बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असलेल्या ब्लू कार्डधारकाला २१ महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पेन्शनचे हप्ते, राहती जागा वगैरे अटी पुऱ्या होत असल्या की झालं. तुझं जर्मन सी-वन, मुक्काम अडीच वर्षांचा. मग अर्ज का पडून राहिलाय? तो परवाना हातात आला की नोकरी आणि गाणं दोन्हीवरची बंधनं सुटतात.

त्यानंतरही राजीनामा देऊ नकोस. ४५हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर एक ते पाच वर्षांपुरतं अर्धवेळ काम मागता येतं आणि मुदत संपली की पूर्णवेळ परत मिळतं. अर्ज तीन महिने आधी द्यायचा. आठवड्याचे तीन दिवस टेस्टिंग, बाकीचे गाण्याचे, असं दोन वर्षं करून बघ. अर्धवेळ आत्ता, कायम परवान्याआधी मागू नकोस, पगार ब्लू कार्डाच्या मर्यादेखाली गेला तर नसती आफत. पुढे गाण्याचं उत्पन्न मुख्य झालं तर कलावंतांच्या सामाजिक विम्याची संस्था आहे, ती विम्याच्या हप्त्यांतला जवळपास निम्मा भार उचलते. वर्षाला ३,९०० युरोंच्या वर कमाई लागते, सुरुवातीच्या तीन वर्षांना ती अट नाही.

स्पर्धांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी वय बघून सांगते. न्यू यॉर्कच्या कुर्ट वाइल फाउंडेशनच्या लोटे लेन्या स्पर्धेला वयाची मर्यादा ३२ आहे, पण तिथे ऑपेरा-ऑपेरेटातलं गाणंही लागतं. ते तुझं क्षेत्र नाही, हुरहुर लावून घेऊ नकोस. त्यापेक्षा शोनेबर्गच्या शाइनबार या चिमुकल्या थिएटरच्या खुल्या स्टेजवर दहा मिनिटं उभी राहा. तिथे लोक तुझ्यासाठी आलेले नसतात, त्यामुळे शब्द पोचतात की नाही ते लगेच कळतं. बार येडर फेर्नुन्फ्ट या बर्लिनच्या कॅबरे-थिएटरच्या आरसेवाल्या तंबूचं स्वप्न जरूर बघ, पण तिथे तासाभराचा स्वतःचा कार्यक्रम घेऊन जावं लागतं, आणि तो अजून लिहायचाय.

लिहिणार कोण? जर्मनसाठी जर्मन मातृभाषेचा साथीदार शोध, खुल्या स्टेजवर असे हौशी लिहिणारे घुटमळत असतात. पण एक माणूस तुझ्या घरात बसलाय आणि तुला तो दिसत नाहीये. वात्रटिका लिहिणाऱ्याला चार ओळींत सरळ चालत जाऊन शेवटच्या शब्दावर चिमटा काढता येतो, आणि या गाण्यांच्या कडव्याला लागतं ते एवढंच. "हे गाणं तुझं नाही" असं ते म्हणाले. मग विचार त्यांना, माझं कुठलं ते लिहून द्या. एजंटचा विषय सांग, चार कडवी माग, शेवटचं धृपद तेच पण अर्थ उलटा हवा म्हणून बजाव. पहिला मसुदा लांब येईल, शिक्षक आहेत. काट मारताना भांडणं होतील, व्हायलाच हवीत. मराठीतलं गाणं आधी जर्मनमध्ये दोन मिनिटं सांगून मग मराठीत गा. व्यंजनं नीट आली तर न कळणाऱ्या भाषेतही लोक हसतात. आणि गेमाच्या यादीत गीतकाराच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिही. ते सभासद नसल्यामुळे पैसे काही यायचे नाहीत, पण त्या कागदाची एक प्रत मिरजेला पाठव.

— तुझी ताई